खडा म्हणून सांगितलेली गाठ

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पालमजवळच्या एका गावात, सहावी ते आठवी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हा माणूस अडाणी असेल, त्याला कळलं नसेल, अशी सूट कुणी मला देणार नाही. मला सगळं कळत होतं. मूत्रपिंडाची आकृती मी फळ्यावर एका दमात काढतो आणि मुलांनी घेवड्याच्या बीऐवजी बटाटा काढला की त्यांच्यावर खेकसतोही.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास माझं पोट सारखं फुगायचं. परभणीच्या डॉक्टरांना पित्ताशयात खडे असल्याची शंका आली, म्हणून त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितलं. पित्ताशय अगदी चांगलं निघालं. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी मात्र यंत्राचं टोक डाव्या कुशीवर नेलं आणि तिथंच थांबवलं. पुन्हा थोडं जेल लावलं, पुन्हा दाबून बघितलं. मग विचारलं, "सर, लघवीतून कधी रक्त गेलं होतं का?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं.

"डाव्या किडनीवर छोटी गाठ दिसायलीय. तीन सेंटिमीटरची. दुखत नसते म्हणून कळत नाही. नशीब तुमचं, दुसऱ्याच कारणासाठी आलात."

त्या दिवशी परभणीच्या स्टँडवर पालमच्या दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. मी बाकावर बसून राहिलो. माणसाला अशा वेळी मरण आठवत असेल असं मला वाटायचं. मला आठवले ते येलदरीकडचे पाहुणे. माझ्या एकुलत्या एका मुलीला ते आठच दिवसांपूर्वी बघून गेले होते. मुलगा नोकरीवाला, निर्व्यसनी, मुलगी त्यांना पसंत होती आणि पुढची बोलणी चौकशीवर अडली होती.

आमच्याकडं चौकशी म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मुलगी पसंत पडली की पाहुणे थेट काही विचारत नाहीत. ते आपला एखादा सोयरा गाठतात, तो त्याचा सोयरा गाठतो, आणि असं फिरत फिरत कुणीतरी आपल्या गावात येऊन चहा पितो. घराण्यात कोड आहे का, फेफरं आहे का, कुणी वेडसर आहे का. आता त्यात कॅन्सरही आला आहे. बापाला झाला म्हणजे लेकीच्या रक्तात असणार, लेकीच्या म्हणजे उद्या नातवाच्या. मी स्वतः एका भाच्यासाठी अशी चौकशी करून आलेलो आहे, त्यामुळं हसायला मला जागा नाही.

मुतखडा मात्र चौकशीत बसत नाही. बोअरचं जड पाणी पिऊन आमच्या भागात घराआड एकाला खडा झालेला असतो. तो सांगायला कुणी लाजत नाही, उलट किती मोठा होता याची चढाओढ लागते. पालमला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. मला खडा झाला होता.

खरं फक्त बायकोला सांगितलं. मुलीलासुद्धा नाही. दिवाळीची सुटी लागताच आम्ही दोघं हैदराबादला गेलो. नांदेड आणि संभाजीनगर जवळ होती, पण तिथल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात आपल्याकडचं कुणीतरी खाटेवर असतंच. आजारापेक्षा ओळखीच्या माणसांना मी जास्त भ्यालो होतो.

हैदराबादचे सर्जन माझ्याच वयाचे होते. ते दखनी बोलायचे, त्यामुळं लवकरच सूर जुळला. त्यांनी कागदावर किडनी काढली. माझ्यापेक्षा वाईट काढली. तिच्या बाहेरच्या कडेवर सुपारीएवढा गोळा काढला आणि म्हणाले, अख्खी किडनी काढायची गरज नाही, एवढाच भाग कोरून काढू, बाकीची वाचवू. काम रोबोटनं करू. मी विज्ञानाचा मास्तर, त्या अवस्थेतही मला कुतूहल आवरेना. यंत्र आपल्या मनानं कापतं का, मी विचारलं. ते हसले. यंत्राला मन नाही, म्हणाले, हात माझेच, फक्त ते बारीक होऊन तुमच्या पोटात जातील.

ऑपरेशनच्या खोलीत नेलं तेव्हा गुंगीचं औषध द्यायच्या आधी मी मान वळवून बघून घेतलं. यंत्राचे चार हात प्लास्टिकच्या पिशव्या घालून वर दुमडलेले होते. खोलीच्या कोपऱ्यात दुसरं एक यंत्र होतं, त्याच्यासमोर स्टुलावर सर्जन बसून बघत होते. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. यंत्राच्या पायाखालच्या पेडलवरचा दाब नीट कळावा म्हणून ते नुसत्या मोज्यांवर बसतात, असं नंतर कळलं. पोटाला पाच भोकं. किडनीकडं जाणारं रक्त चिमटा लावून वीसेक मिनिटं थांबवायचं, तेवढ्यात गाठ कोरायची, उरलेली किडनी शिवायची आणि चिमटा सोडायचा. शिवण नीट बसली. चौथ्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी जिना उतरलो.

तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल आठवड्यानं आला. गाठ कॅन्सरचीच होती. मात्र पूर्ण निघाली होती, कडा साफ होत्या. पुढं काही औषध नाही, फक्त ठरलेल्या वेळी स्कॅन करायचा. अहवालाची घडी घालता घालता सर्जननी विचारलं, घरात कुणाला किडनीचं काही होतं का?

वडील लघवीतून रक्त जाऊन जाऊन वारले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरात सगळे खडाच म्हणायचे आणि ते खडा पडायला म्हणून हुलग्याचं पाणी पीत गेले. मी हे सांगितलं तसे सर्जन ताठ बसले. तो खडा होता की गाठ, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, ते म्हणाले, म्हणून सख्ख्या भावंडांची एकदा सोनोग्राफी करून घ्या. लगेच करा. दहा मिनिटांचं काम आहे.

मला सख्खं एकच भावंड. माझी मोठी बहीण, आक्का. राणीसावरगावला दिलेली.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आक्का पालमला आमच्या दारात उभी. एका पिशवीत हुलगे, दुसरीत पानफुटीची पानं, दोन्ही खड्यावरची औषधं. कापूस वेचणीचे दिवस होते, घरी बायांची मजुरी चालू होती, ते सगळं दाजींच्या अंगावर टाकून ती एसटीनं आली होती.

"खड्यासाठी हैद्राबाद गाठलंस व्हय रं? आमच्या इकडं हुलग्याच्या पाण्यानं पडतेत की."

"मोठा होता, आक्का. अडकला होता."

"दाव मला."

ही आमच्याकडची रीत मी विसरलोच होतो. खडा निघाला की तो औषधाच्या डबीत कापसावर ठेवतात आणि भेटायला येणाऱ्याला दाखवतात. बघणारा तो उजेडात धरतो, बोटानं फिरवतो आणि आपल्या खड्याची गोष्ट काढतो. खडाच नाही म्हटल्यावर आजार कसला? मी म्हणालो, पिशवीत कुठंतरी आहे, शोधतो. दुपारी बायको तुरीची डाळ निवडत होती. तिच्या सुपातून मी एक करडा, कोपरे असलेला खडा उचलला आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला. बायकोनं माझ्याकडं बघितलं. सूप उचललं आणि आत गेली.

आक्कानं तो खडा बराच वेळ बघितला. "एवढासा ह्यो, आन केवढा ताप दिला माझ्या भावाला," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डाळीतल्या खड्याला बघून माझी बहीण रडली आणि मी समोर बसून ते बघितलं. जाताना ती डबी तिनं मागून घेतली. दाजींना दाखवायची होती.

ती बारा दिवस राहिली. मला वाकता येत नव्हतं, तर माझे पाय ती धुवायची. एकदा बनियन वर गेली तेव्हा तिनं पोटावरची भोकं मोजली. "खड्याला पाच?" मी म्हणालो, दुर्बिणीचं ऑपरेशन असतं, आक्का. तिनं मान डोलावली. तिचा भाऊ मास्तर होता, तो सांगतो ते खरंच असणार. त्या बारा दिवसांत सोनोग्राफीचं दहा मिनिटांचं काम तिला सांगायला मला दहा मिनिटं सापडली नाहीत. सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. आक्काच्या पोटात तीळ भिजत नाही, हे सगळ्या राणीसावरगावला माहीत होतं. बायकोवर ढकलायचीही सोय नाही मला. तिनं दोनदा म्हटलं, अहो, ताईंना तेवढं सांगून टाका. दोन्ही वेळा मी तिच्या अंगावर ओरडलो.

शाळा सुरू झाल्यावर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, सर, रोबोट खरंच माणसाचं ऑपरेशन करतो का? अख्ख्या तालुक्यात या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं कुणाला देता आलं नसतं. शर्टाच्या आत पाच खुणा होत्या. "करतो म्हणे," मी म्हणालो, "कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय." आणि पान उलटायला सांगितलं.

सोयरीक जमली. सुपारी फुटली, लग्न वैशाखातलं धरलं.

माघात आक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, मला लाल व्हायलंय रं. दोनदा झालं."

मी वर्गाच्या व्हरांड्यात उभा होतो. आत मुलं पाढे म्हणत होती. कुशीत दुखतं का, मी विचारलं.

"जरा जड वाटतंय. खडाच असंल की. बाबाला व्हता, तुला निगाला, आता माझा नंबर. हुलग्याचं पाणी प्यायलेय."

या जागेवर मी पुष्कळदा परत जातो. मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. आक्का, उद्या परभणीला ये. तेवढंसुद्धा पुरलं असतं, कारण न देता. पण सोनोग्राफीत गाठ दिसली असती, आक्का घाबरून दहा जणांना फोन करती, मग मीही हैदराबादला कशाला गेलो होतो ते निघालं असतं, आणि लग्नाला तीन महिने होते. हे सगळं माझ्या डोक्यात एका झटक्यात मांडून झालं. गणित मला चांगलं येतं.

"पाणी भरपूर पी," मी म्हणालो. "एकदा तिथल्या डॉक्टरला दाखव."

तिनं गावातल्या डॉक्टरला दाखवलं. भावाला खडा होता, बापाला खडा होता असं तिनंच सांगितल्यावर त्यानंही खड्याच्या गोळ्या दिल्या. त्याची काय चूक? गोळ्यांनी रक्त थांबलं, म्हणजे आपोआप थांबलं, आणि खडा विरघळला असं आक्कानं मला आनंदानं कळवलं. असं रक्त थांबतं आणि पुन्हा येतं, हे मला माहीत होतं. हैदराबादहून आल्यापासून मी दुसरं काही वाचतच नव्हतो.

लग्नाला ती चार दिवस आधी आली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हळद लावायचा मान आत्याचा. तिनं पोरीला हळद लावली, गाणी म्हटली, बायकांना नाचवलं, आणि मधेच कुशीवर हात दाबून पाटावर बसली. बायका हसल्या, "थकली गं आत्याबाई!" तीही हसली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. येलदरीकडचे दोन पाहुणे माझ्या शेजारी होते आणि मी त्यांना सरबत हवं का विचारत होतो.

मुलगी सासरी गेल्यावर चौथ्या दिवशी मी आक्काला परभणीला नेलं. सोनोग्राफीला त्याच बाई होत्या. त्यांनी यंत्र कुशीवर ठेवलं आणि या वेळी थांबायची गरजच पडली नाही, गाठ पडदाभर होती.

हैदराबादला सर्जननी तिचे स्कॅन लावून बघितले, मग माझी जुनी फाइल मागवली. गाठ नऊ सेंटिमीटरची, मोठ्या शिरेत शिरलेली. फुफ्फुसात बारीक ठिपके. किडनी वाचवायचा प्रश्न नव्हता, आणि इथं रोबोट नको म्हणाले, पोट उघडूनच करावं लागेल. मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ विचारलं, "मास्टरसाब, मैं बोला था ना, बहन का सोनोग्राफी कराओ बोलके? दिवाली में बोला था."

आक्का माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. दखनी समजायला तिला कुणाची मदत लागत नाही, आमच्या बाजाराची भाषा आहे ती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी सर्जनच्या टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा बघत राहिलो. तेव्हा जमीन दुभंगती तर मी आक्काचा हात सोडून आत उतरलो असतो, इतकी मला लाज वाटली.

वॉर्डात गेल्यावर तिनं विचारलं, "तुलाबी हेच व्हतं?"

"हो."

"मंग त्यो खडा?"

"डाळीतला."

ती हसायला लागली. कुशीत कळ आली तरी थांबेना, पदर तोंडात घालून हसत राहिली. "आरं, दाजींनी त्यो देव्हाऱ्यापाशी ठिवलाय," म्हणाली. मला हुंदका आला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

"लेकीचं जमायचं व्हतं म्हून?"

मी मान हलवली.

"मंग रडायलास कामून? म्याबी तेच केलं असतं."

तिनं मला माफ केलं होतं. सहज, शिळ्या भाकरीचा तुकडा पुढं करावा तसं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

ऑपरेशन झालं. उभा, लांबलचक काप. ती वाचली. ठिपक्यांवर गोळ्या सुरू झाल्या. घरी सोडायच्या दिवशी सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता तिच्या मुलांचंही बघा, या वेळी विसरू नका. आक्काला दोन मुलं. थोरला शेती बघतो, त्याचं लग्न झालेलं, आणि धाकटी चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली, तिचं जमायचं होतं. गंगाखेडच्या बाजूचं एक चांगलं स्थळ येऊन गेलं होतं.

निघायच्या आधी आक्कानं मला जवळ बसवलं. "गावात खडाच सांगायचं," म्हणाली. "किडनी खराब झाली खड्यानं, म्हून काढली. माझ्या पोरीचं जमायलंय, भाऊ. तेवढं झालं की मंग मीच सांगते समद्यांना. पोरान्लाबी तवाच दावू दवाखान्यात." तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी शपथ घेतली.

राणीसावरगावला तिच्या ओसरीवर भेटायला येणाऱ्यांची गर्दी झाली होती. आक्का आतल्या खोलीत होती. बाहेर सतरंजीवर दाजी, भावकीतली माणसं, आणि गंगाखेडच्या स्थळाचा मध्यस्थ. तोही भेटायलाच आला होता, म्हणजे भेटायला आणि बघायला. मी खड्याचं सांगत होतो. हैदराबाद ते राणीसावरगाव चार वेळा सांगून माझी जीभ सरावली होती. तेवढ्यात भाचा चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आला आणि सहज म्हणाला, "मामा, मलाबी डाव्या बाजूला दुखायलंय महिनाभर झालं. आपल्या घराण्यालाच खडा हाय. हुलग्याचं पाणी चालूच हाय माझं."

आणि मी बोललो. "खडा नाही तो," मी म्हणालो. "तुझ्या आईला कॅन्सर आहे. मलाही होता. आजोबाही त्यानंच गेले असतील. उद्या तुम्ही दोघं भावंडं परभणीला चला."

बशीतला चहा कुणी ओढेना. दाजींचं तोंड पांढरं पडलं, त्यांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. मध्यस्थानं हळूच कप खाली ठेवला, दोन मिनिटं थांबला, आणि टोपी नीट करून उठला.

त्या क्षणी मला हलकं वाटलं, हे मला लिहिलंच पाहिजे. छाती मोकळी झाली. शेवटी खरं बोललो, असं मला वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. भाच्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. गोठ्याकडं न्यायचं, दोन वाक्यं सांगायची, दुसऱ्या दिवशी गुपचूप परभणी. माझ्या लेकीच्या वेळी सहा महिने जो माणूस एकेक शब्द मोजून बोलत होता, त्याला एवढं सुचू नये? ते सुचलं ते घरी परत जाताना, एसटीत.

दोन्ही भावंडांची सोनोग्राफी झाली. धाकटीचं सगळं चांगलं होतं. भाच्याच्या डाव्या किडनीत खडा निघाला. खराखुरा, पाच मिलिमीटरचा. काही दिवसांनी तो पडलासुद्धा.

गंगाखेडच्या लोकांचा निरोप आला की मुलगा सध्या लग्नाला तयार नाही. पुढची दोन स्थळं बघायलाही आली नाहीत. माझ्या मुलीच्या सासरी बातमी पोहोचायची ती पोहोचलीच. सासू चार दिवस गप्प राहिली, मग तिनंच फोन करून माझी तब्येत विचारली. तोवर मुलीला दिवस गेले होते. माझं काहीच बिघडलं नाही.

आक्कानं माझे फोन घेणं बंद केलं. गोळ्यांसाठी हैदराबादला तिला भाचा नेतो. दिवाळीच्या पाडव्यानंतर मी न सांगताच राणीसावरगावला गेलो. भाऊबीज होती. ती अंगणात उन्हाला बसली होती, अंगावर शाल. मला बघून उठली, आत गेली, पाट मांडला, ताट केलं. रीत चुकवली नाही. धाकटी भाची दारातून आत येता येता मला बघून मागं फिरली.

आक्कानं मला ओवाळलं. मी पाया पडायला वाकलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, माझ्या जिवावर बेतलं, ते म्या एका घोटात गिळलं. पर एक सांग. तुझ्या लेकीच्या टायमाला तुझं तोंड शिवलेलं व्हतं. माझ्या लेकीच्या टायमालाच तुला खरं बोलायचं कामून सुचलं?"

निरांजन तिच्या हातात तसंच होतं. ती खरंच उत्तराची वाट बघत होती. मी वाकलेलाच राहिलो. मग तिनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं, माझ्यासाठी जेवण वाढलं आणि ऊन गेलं नव्हतं म्हणून पुन्हा अंगणात जाऊन बसली.